‘निर्मळ’मधून फक्त ‘मळ’ उरतो तेव्हा: ओपन सोर्सच्या टेस्ट मराठीत का पास होत नाहीत?

एक छोटा प्रयोग. पायथॉनमधली सायकिट-लर्न ही मशीन लर्निंगची प्रसिद्ध लायब्ररी घ्या. मजकुराचे शब्द वेगळे करून मोजणारं ‘काउंट व्हेक्टरायझर’ नावाचं तिचं साधन आहे. त्याची एकही सेटिंग न बदलता त्याला वसई तालुक्यातल्या एका गावाचं नाव द्या: निर्मळ. उत्तर येतं: मळ.

‘निर्मळ’ म्हणजे ज्यात मळ नाही ते. मशीनने नेमका तोच मळ ठेवला आणि बाकीचं फेकून दिलं.

आजूबाजूची गावंही टाकून बघा:

- वसई: ‘वसई’. हे सुखरूप.
- विरार: काहीच नाही, शब्द गायब.
- नालासोपारा: गायब.
- अर्नाळा: ‘अर’.
- पालघर: ‘लघर’.
- मुंबई: ‘बई’.

आता हसू थांबवणारं उदाहरण. समजा एखाद्या पालिकेच्या तक्रार ॲपमागे अशीच शब्द मोजणारी यंत्रणा आहे. कोणीतरी लिहिलं, ‘पाणी आलं नाही’. ‘पाणी’ गायब, ‘नाही’ही गायब आणि मधल्या ‘आलं’चं झालं ‘आल’. तीन शब्दांच्या तक्रारीतून मशीनच्या हाती एवढंच लागलं.

ही लायब्ररी कोणा नवशिक्याने बनवलेली नाही. जगभर कॉलेजांत, कंपन्यांत, संशोधनात ती वापरली जाते. तिच्यामागे हजारो ऑटोमेटेड टेस्ट आहेत आणि कोडमध्ये बदल झाला की त्या आपोआप चालतात. मग हे निसटलं कुठून? त्याचं उत्तर शोधताना ओपन सोर्समधल्या टेस्टिंगच्या जवळजवळ सगळ्या अडचणी समोर येतात.

आधी हे समजून घेऊ: मात्रा हरवते कशी?

आपल्याला ‘निर्मळ’मध्ये तीन अक्षरं दिसतात: नि, र्म, ळ. कॉम्प्युटर मात्र ती सहा तुकड्यांत साठवतो: न, वेलांटी, र, हलन्त, म, ळ. युनिकोडमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा प्रकार असतो. न, र, म, ळ यांचा प्रकार ‘अक्षर’. वेलांटी, हलन्त, काना, अनुस्वार यांचा प्रकार ‘जोडचिन्ह’.

शब्द शोधायला प्रोग्रामर रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतात. त्यात ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही खूण म्हणजे ‘शब्दात येऊ शकेल असं कुठलंही चिन्ह’. पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ही खूण अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर पकडते, जोडचिन्हं पकडत नाही. म्हणजे वेलांटी आली की शब्द संपला, हलन्त आला की पुन्हा संपला. ‘निर्मळ’चे तुकडे होतात न, र आणि मळ. सायकिट-लर्नचा ठरलेला नियम असा की दोनपेक्षा कमी चिन्हांचा तुकडा सोडून द्यायचा. न गेला, र गेला, मळ राहिला. ‘वसई’त एकही मात्रा नाही, म्हणून ती वाचली.

इंग्रजीसाठी हा नियम ठीक आहे, कारण तिथे मात्रा हा प्रकारच नाही. युनिकोडची रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दल वेगळी शिफारस आहे आणि तीत जोडचिन्हं शब्दाचाच भाग धरायला सांगितलं आहे. पायथॉनमधली ही उणीव २००७ पासून त्यांच्या बग यादीत नोंदलेली आहे. म्हणजे बग माहीत आहे, कारणही माहीत आहे.

हा एकच अपवाद असता तर सोडून देता आला असता. गूगलने २०१८ मध्ये बर्ट हे भाषेचं मॉडेल ओपन सोर्स केलं. त्याच्या पहिल्या बहुभाषिक आवृत्तीत मजकुरावरचे ‘ॲक्सेंट’ काढून टाकले जात. फ्रेंच किंवा स्पॅनिश अक्षरांवरची चिन्हं काढली तरी शब्द ओळखता येतो. देवनागरीत मात्र त्याच नियमाने उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त गळतात. ‘पुणे’चं होतं ‘पण’. पुढे आलेल्या आवृत्तीत हे सुधारलं आणि लॅटिन लिपी नसलेल्या भाषांसाठी तीच वापरा असं गूगलने स्वतः सांगितलं. दोन वेगळ्या टीम, दोन वेगळे प्रोजेक्ट, चूक मात्र एकाच जातीची.

हिरवी टिक नेमकं काय सांगते?

ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे कोडला विचारलेला प्रश्न आणि त्याचं आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. ‘दोन अधिक तीन विचारलं तर पाच यायला हवं.’ कोडने पाच दिलं तर पास, दुसरं काही दिलं तर फेल. गिटहबवर कोणी बदल पाठवला की असे सगळे प्रश्न एका दूरच्या मशीनवर आपोआप विचारले जातात. सगळे पास झाले की हिरवी टिक येते. याला कंटिन्युअस इंटिग्रेशन किंवा थोडक्यात सीआय म्हणतात.

लोक हिरव्या टिकेचा अर्थ ‘कोड बरोबर आहे’ असा घेतात. तिचा खरा अर्थ एवढाच: ज्यांनी टेस्ट लिहिल्या त्यांना सुचलेल्या प्रश्नांची उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. प्रश्न न सुचण्याला टिकेत जागाच नाही.

‘कव्हरेज’ नावाचा आकडाही इथे फसवतो. कोडच्या किती ओळी टेस्ट चालताना वापरल्या गेल्या त्याची ही टक्केवारी. शब्द तोडणारी ओळ ‘हॅलो वर्ल्ड’वर चालली तरी कव्हरेजमध्ये ती पूर्ण मोजली जाते. तीच ओळ ‘निर्मळ’वर चुकते हे त्या आकड्यातून कधीच कळणार नाही.

अडचण पहिली: बरोबर उत्तर ठरवायचं कोणी?

दोन अधिक तीन किती यावर वाद नाही. ‘निर्मळ’मध्ये अक्षरं किती, यावर आहे. युनिकोडचे तुकडे मोजले तर सहा. युनिकोडच्या ‘वापरणाऱ्याला दिसणारं एक अक्षर’ या जुन्या मूळ नियमाने मोजलं तर चार: नि, र्, म, ळ. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम त्यात आला. तेव्हापासून उत्तर तीन.

आता ज्या लायब्ररीच्या टेस्टमध्ये ‘उत्तर चार’ असं लिहिलं होतं तिचं काय होईल? लायब्ररीने युनिकोडचा डेटा अपडेट केला की टेस्ट लाल. कोडमध्ये चूक नाही, उलट तो सुधारला आहे. तरी दूर कुठेतरी बसलेल्या मेंटेनरला एक लाल फुली दिसते आणि तिच्यासमोर त्याला वाचता न येणारा एक शब्द. तीन बरोबर की चार, हे त्याने कोणाला विचारायचं?

मराठीची खास गुंतागुंत तर पुढेच आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एक, ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरून. दोन, साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे चिन्ह वापरून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द. युनिकोडची नॉर्मलायझेशन नावाची एकसारखं करायची प्रक्रियासुद्धा या दोघांना एक करत नाही. ‘ॲप’चंही तेच. त्यातला ॲ एकसंध अक्षर म्हणून टाइप होतो, ‘अ’ला वेगळी चंद्रकोर जोडून होतो आणि मध्ये जॉइनर घालूनही होतो. तुमच्या आणि मित्राच्या फोनमध्ये वेगळे कीबोर्ड असतील, तर त्याने लिहिलेला शब्द तुमच्या सर्चमध्ये न सापडण्याचं हे एक कारण असू शकतं.

टेस्टिंगच्या भाषेत याला ‘ऑरॅकल प्रॉब्लेम’ म्हणतात. कौल देणारा देव हवा आणि तोच नाही. प्रश्न हजारो तयार करता येतात, बरोबर उत्तर सांगणारा मिळत नाही. मराठीपुरता तो कौल मराठी वाचता येणारा माणूसच देऊ शकतो.

अडचण दुसरी: टेस्ट चालते एका जगात, फोन दुसऱ्या जगात

सीआयची मशीनं बहुतेक वेळा इंग्रजी सेटिंगवर चालतात. तुमच्या आईचा फोन कदाचित मराठीवर असेल.

भाषा बदलली की फक्त मेनू बदलतो असं वाटतं. प्रत्यक्षात अंकही बदलतात. कुठल्या भाषेत तारीख, आकडे, पैसे कसे लिहायचे याचा जगभर वापरला जाणारा ओपन सोर्स डेटा म्हणजे सीएलडीआर. त्यात हिंदीचे ठरलेले अंक इंग्रजी आहेत, मराठीचे मात्र देवनागरी. म्हणजे ॲप बनवणाऱ्याने हिंदीत टेस्ट करून ‘भारतीय भाषा झाल्या’ अशी खूण केली असेल, तरी मराठीत वेगळंच घडू शकतं.

कसं ते बघा. ॲपला तुमचं लोकेशन सर्व्हरला पाठवायचं आहे. अक्षांशाचा आकडा मजकुरात बदलताना प्रोग्रामरने जावाचं नेहमीचं फॉरमॅट वापरलं आणि भाषा कोणती ते सांगितलं नाही. फोन मराठीवर असेल तर मजकूर देवनागरी अंकांत तयार होतो. पुढे हाच मजकूर दशांश संख्या म्हणून परत वाचायला गेलं की जावा एरर देते. जावास्क्रिप्टला दिला तर उत्तर ‘ही संख्याच नाही’. पायथॉन मात्र देवनागरी पूर्णांक आनंदाने वाचतो. तीन भाषा, तीन वागणुकी. अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीत याबद्दल इशारा आहे: मशीनने वाचायचा मजकूर फोनच्या भाषेवर सोडू नका.

अशा ॲपच्या सगळ्या टेस्ट इंग्रजी मशीनवर हिरव्याच असतात. मग वापरणारा म्हणतो, ‘फोन मराठीत केला की ॲप बंद पडतं’. दुकानदार सांगतो, ‘मग इंग्रजीत ठेवा ना’. आणि तो बग कोणाच्याही यादीत न जाता तिथेच मरतो.

मग सगळ्या भाषांत, सगळ्या फोनवर टेस्ट का चालवत नाहीत? हिशोब करा. पाच ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेच्या चार आवृत्त्या, दहा लोकेल धरले तरी २०० जोड्या होतात. एका जोडीला दहा मिनिटं लागली तर एका बदलासाठी तेहतीस तासांहून जास्त मशीनवेळ. कंपनी हे विकत घेईल. नोकरी सांभाळून रात्री लायब्ररी चालवणारा माणूस कुठून आणणार?

अडचण तिसरी: मशीन फुकट नाही, माणूस तर नाहीच

ओपन सोर्स प्रोजेक्टना टेस्टसाठी फुकट मशीनवेळ देणारी ट्रॅव्हिस सीआय ही सेवा अनेक वर्षं सगळ्यांची आवडती होती. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने दरांची पद्धत बदलली आणि फुकट वेळेवर मर्यादा आली. असंख्य प्रोजेक्टना आपलं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे, मुख्यतः गिटहब ॲक्शन्सकडे जावं लागलं. तिथे सार्वजनिक प्रोजेक्टसाठी साधी मशीनं आज मोफत आहेत. पण ही मोफत सोय एका कंपनीच्या धोरणावर उभी आहे.

मशीन मिळालं तरी टेस्ट नेहमी सरळ वागत नाही. तोच कोड, तीच टेस्ट, सकाळी पास आणि संध्याकाळी फेल, यांना ‘फ्लेकी’ टेस्ट म्हणतात. कधी नेटवर्क हळू असतं, कधी वेळेचा घोळ असतो, कधी दोन टेस्ट एकमेकींच्या पायात येतात. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे दिले होते: टेस्टच्या साधारण १.५ टक्के फेऱ्या फ्लेकी निघत आणि जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता. एवढी मोठी टीम असून ही स्थिती. लांडगा आला रे आला असं टेस्ट रोज ओरडायला लागली की माणसं लाल फुलीकडे बघणंच सोडतात. मग खरा लांडगा येतो.

२०२४: खरा लांडगा टेस्टच्या फोल्डरमध्येच सापडला

मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवत असेल. फाइल दाबून लहान करणारी ही लायब्ररी लिनक्सच्या बहुतेक सिस्टिममध्ये असते. मूळ मेंटेनर लासे कोलिन जवळजवळ एकट्याने ती सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं नीट काम केलं, विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार घुसवलं.

ते लपवलं कुठे? टेस्टसाठी ठेवलेल्या फाइलमध्ये. दाबलेल्या फाइल नीट उघडतात का, बिघडलेली फाइल दिली तर काय होतं हे तपासायला अशा लायब्ररीत मुद्दाम खराब केलेल्या फाइल ठेवतात. त्या माणसाने वाचण्यासारख्या नसतातच, म्हणून कोणी वाचल्या नाहीत. शिवाय २०२३ मध्ये याच नावाने गूगलच्या ओएसएस-फझ या स्वयंचलित तपासणीत एक बदल करून घेतला होता. त्यामुळे पुढे वापरलं जाणारं एक वैशिष्ट्य त्या तपासणीत बंदच राहिलं.

सापडलं ते कुठल्या टेस्टमुळे नाही. पोस्टग्रेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यांनी खणून काढलं आणि २९ मार्चला जगाला सांगितलं.

याचा मराठीशी काय संबंध? मराठीच्या बगमागे कोणाचा डाव नाही, तिथे फक्त दुर्लक्ष आहे. पण वाट एकच आहे. थकलेला मेंटेनर, कोणी न वाचलेल्या टेस्ट आणि हिरव्या टिकेवर ठेवलेला पूर्ण भरवसा. डाव ठेवून आलेला माणूस त्या वाटेने घुसतो. डाव नसेल तर ‘निर्मळ’ तिथूनच निसटतो.

एआय टेस्ट लिहून देईल की!

हे आता रोज ऐकू येतं. एआय टेस्ट लिहितं आणि पटापट लिहितं, हे खरं आहे. अडचण अशी की पुष्कळदा ते आधी कोड वाचतं, कोड आज काय उत्तर देतो ते बघतं आणि तेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून टेस्टमध्ये नोंदवतं. शब्द तोडणाऱ्या आपल्या ओळीसाठी अशी टेस्ट तयार झाली तर तिच्यात लिहिलेलं असेल: ‘निर्मळ दिलं तर मळ यायला हवं’. टेस्ट हिरवी, आणि वर उद्या कोणी बग सुधारला तर हीच टेस्ट त्याला अडवेल.

दुसरा त्रास मेंटेनरना होतो. कर्ल या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये एआयने तयार केलेल्या पोकळ बग रिपोर्टबद्दल जाहीरपणे तक्रार केली. प्रत्येक रिपोर्ट खोटा आहे हे सिद्ध करायलाही माणसाचाच वेळ जातो. म्हणून ‘एआयला सांगितलं आणि ५० टेस्ट पाठवल्या’ ही मदत नसून ओझं आहे. शुद्ध मराठी वाचणाऱ्याने नीट तपासलेल्या पाच टेस्ट त्यापेक्षा मोलाच्या.

मग सुधारून का टाकत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आळस हे नाही. पायथॉनमधली ती खूण आज बदलली तर तिच्यावर अवलंबून असलेले लाखो प्रोग्राम वेगळं वागायला लागतील. सायकिट-लर्नने ठरलेला नियम बदलला तर आधी तयार झालेल्या मॉडेलची उत्तरं बदलतील. लायब्ररी जसं वागते त्यावर कोणी ना कोणी अवलंबून असतोच, चुकीच्या वागण्यावरसुद्धा. प्रोग्रामरमध्ये याला हायरमचा नियम म्हणतात. मेंटेनरच्या एका पारड्यात मराठीचा बरोबर शब्द आणि दुसऱ्यात चालू असलेली असंख्य कामं असतात.

माझं मत असं की ठरलेला नियम लगेच बदलता येत नसेल तर निदान चूक टेस्टमध्ये नोंदवावी. पायटेस्टमध्ये त्याची सोय आहे, ‘एक्सफेल’ नावाची. ‘ही टेस्ट आज फेल होणार हे आम्हाला माहीत आहे’ असा शिक्का मारता येतो. टिक हिरवी राहते, कोणाचं काम अडत नाही, पण बग कागदावर येतो. उद्या कोणी तो सुधारला की टेस्ट स्वतः सांगते, ‘मी पास झाले’.

नीट झालंय असंही उदाहरण आहे

तुम्ही हा लेख फोनवर वाचताय आणि ‘र्म’वरचा रफार जागच्या जागी दिसतोय. त्यात हार्फबझ या ओपन सोर्स लायब्ररीचा मोठा वाटा आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्यात अक्षरं जुळवण्याचं काम तीच करते.

तिचे मुख्य लेखक बेहदाद एस्फहबोद मराठीभाषक नाहीत. २०१२-१३ च्या सुमारास त्यांनी ऑरॅकल प्रॉब्लेमवर एक उपाय वापरला. विकिपीडियावरून वेगवेगळ्या लिप्यांतले शब्द गोळा केले. देवनागरीचेच सात लाखांहून जास्त. प्रत्येक शब्द हार्फबझलाही द्यायचा आणि मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबलाही, आणि दोघांची उत्तरं ताडून बघायची. फरक दिसला की तेवढीच जागा माणसाने तपासायची. देवनागरीत हा फरक शंभराहून कमी शब्दांवर आला होता. याला डिफरन्शियल टेस्टिंग म्हणतात. भाषा येत नसतानाही प्रश्न कुठे विचारायचा हे त्यातून कळतं.

यात विकिपीडियाचे भारतीय भाषांतले संपादकही नकळत टेस्टर झाले. त्यांनी लिहिलेला शब्द तपासला गेला, न लिहिलेला राहिला. फाँटच्या बाजूलाही असं सामायिक काम झालंय. लिनक्सवर वर्षानुवर्षं दिसलेला लोहित फाँट मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, जो रेड हॅटने खुल्या परवान्याखाली सगळ्यांना उपलब्ध केला.

प्रश्न विचारायचा राहिला तर काय होतं? फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनची ॲप बंद पडत होती. ते जोडाक्षर म्हणजे आपला ‘ज्ञा’च, तेलुगू लिपीतला. ॲपलची ती यंत्रणा ओपन सोर्स नव्हती, तिच्या टेस्ट बाहेरच्या कोणालाही बघता येत नव्हत्या. १९ फेब्रुवारीला ११.२.६ अपडेट येईपर्यंत सगळे वाट बघत बसले. ओपन सोर्समध्ये निदान एक फरक आहे: दार उघडं आहे, टेस्ट तुम्ही लिहू शकता.

फोन हातात आहे, एवढं करता येईल

लॅपटॉप नसला तरी चालेल. फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडून पायथॉन चालवता येतं.

१. छोटे, अवघड शब्द निवडा. आपल्या भागात त्यांची खाण आहे. ‘निर्मळ’मध्ये वेलांटी, रफार आणि ळ तिन्ही आहेत. वसईतली आडनावं बघा: ‘रॉड्रिग्ज’मध्ये वेलांटी ‘ड्र’च्या आधी दिसायला हवी, ‘कार्व्हालो’मध्ये रफार आणि अर्धा व एकत्र येतात. त्यात ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ दोन्ही प्रकारे टाइप करून टाका. कादोडी बोलत असाल तर तिच्यातले शब्द घाला, ते तर छापील शब्दयाद्यांत फारसे नसतातच.

२. बरोबर उत्तर आणि त्याचं कारण लिहा. ‘मराठीत चुकतंय’ एवढं पुरत नाही. ‘निर्मळ दिलं, निर्मळ यायला हवं, मळ आलं. युनिकोडच्या शिफारशीनुसार मात्रा शब्दाचा भाग आहेत.’ मेंटेनरला मराठी येत नसली तरी हे तपासता येतं.

३. आधीच्या तक्रारी शोधा. तोच बग हिंदीत किंवा नेपाळीत कोणी नोंदवला असेल तर नवा रिपोर्ट न टाकता तिथेच आपलं उदाहरण जोडा.

४. उत्तर ठरवता येत नसेल तर नियम तपासा. ‘वाक्य तोडून पुन्हा जोडलं तर एकही मात्रा हरवता कामा नये.’ पायथॉनची हायपोथेसिस ही लायब्ररी अशा एका नियमावर शेकडो शब्द स्वतः तयार करून टाकते.

५. स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये आजच सुधारा. सायकिट-लर्नला शब्द तोडायचा नियम आपण देऊ शकतो. पायथॉनच्या ठरलेल्या साधनाऐवजी ‘रेजेक्स’ ही वेगळी लायब्ररी वापरली तर मात्रा शब्दातच राहतात. कॉलेजच्या मराठी प्रोजेक्टमध्ये अचूकता कमी येत असेल तर मॉडेलला दोष देण्याआधी तुकडे छापून बघा.

साहित्यही तयार आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विटांचा ‘महासेंट’ हा संच खुला केला. त्यातली शंभर वाक्यं एखाद्या लायब्ररीतून काढून बघा, किती मात्रा परत येतात ते लगेच दिसेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. पेढे वाटले, स्टेटस ठेवले. तो निर्णय कुठल्याही लायब्ररीच्या टेस्ट फोल्डरमध्ये आपोआप जाऊन बसत नाही. तिथे मराठी पोचते ती एकेका ओळीने, आणि ती ओळ मराठी वाचणाऱ्या कोणीतरी लिहावी लागते. पहिला शब्द कुठला घ्यायचा असा प्रश्न पडला तर आपल्या गावाचं नाव टाकून बघा आणि काय परत येतं ते खाली कमेंटमध्ये सांगा.